पिंपात मुरलेली काळी बिअर : आस्वाद, आबकारी आणि मराठवाडा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात राज्य, युद्ध, महसूल, धर्म आणि समाजसुधारणा या विषयांना जे स्थान मिळाले, ते चवीला फारसे मिळाले नाही. चव ही व्यक्तिगत, क्षणिक आणि पुराव्याच्या कक्षेबाहेरची गोष्ट आहे, असा त्यामागे समज असावा. वस्तुतः एखादे पेय विशिष्ट चवीचे का होते, ते कोणाला परवडते, ते किती काळ साठवता येते आणि कोणत्या कायद्याखाली विकले जाते, या प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास आपण थेट राज्यसंस्थेच्या आणि अर्थव्यवस्थेच्या इतिहासात प्रवेश करतो. प्रस्तुत निबंधात अशाच एका पेयाच्या निमित्ताने हा प्रवेश करण्याचा प्रयत्न केला आहे. ते पेय म्हणजे व्हिस्कीच्या रिकाम्या लाकडी पिंपात अनेक महिने मुरवलेली कडक काळी बिअर.

हा विषय बीडसारख्या अवर्षणप्रवण, ऊसतोड कामगारांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशातील अभ्यासकाने का निवडावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. दारू म्हटले की या भागात उद्ध्वस्त संसार, हातभट्टी आणि ग्रामसभेतील महिलांचे ठराव आठवतात. आस्वाद आठवत नाही. परंतु एकाच वस्तूचे असे दोन अर्थ का झाले, हाच इतिहासाचा प्रश्न आहे. एका टोकाला सावकाश मुरलेले, महागडे, घोटाघोटाने चाखले जाणारे पेय आणि दुसऱ्या टोकाला घाईने गाळलेले, घाईने विकलेले आणि घाईने संपवलेले पेय. ही दोन टोके निसर्गाने निर्माण केलेली नाहीत. ती कायदा, कर, भांडवल आणि हवामान यांच्या परस्परसंबंधातून घडली, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

उद्दिष्टे

१) काळ्या बिअरचा आणि ती पिंपात मुरवण्याच्या पद्धतीचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) अशा बिअरच्या चवीचे घटक व त्यांमागील कारणे स्पष्ट करणे.
३) दख्खनमधील, विशेषतः मराठवाड्यातील मद्यव्यवहारात मुरवण्याची परंपरा का रुजली नाही, याची आबकारी व्यवस्थेच्या आधारे मीमांसा करणे.
४) या इतिहासाचा बीड जिल्ह्याच्या वर्तमान सामाजिक प्रश्नांशी असलेला संबंध तपासणे.

काळ्या बिअरचा उगम

अठराव्या शतकातील लंडन शहरात 'पोर्टर' नावाची गडद रंगाची बिअर लोकप्रिय झाली. ओझी वाहणाऱ्या हमालांना इंग्रजीत पोर्टर म्हणत आणि त्यांच्यात ती विशेष खपत असे, म्हणून तिला हे नाव पडले. म्हणजे आज उच्चभ्रू मानल्या जाणाऱ्या या पेयाच्या मुळाशी श्रमिकांचे पेय आहे, ही बाब प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे. पोर्टर ही महिनोन्महिने साठवली की अधिक चांगली लागते, हे लक्षात आल्यावर लंडनमधील मद्यशाळांनी प्रचंड आकाराची लाकडी पिंपे उभारली. बिअर काही महिने अडकवून ठेवायची तर तेवढे भांडवल हाताशी हवे. त्यामुळे लहान उत्पादक मागे पडले आणि व्हिटब्रेड, बार्कले पर्किन्स यांच्यासारखे मोठे उत्पादक पुढे आले. औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या मोठ्या कारखान्यांत या मद्यशाळांची गणना होते. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या म्यूक्स यांच्या मद्यशाळेतील एक महाकाय पिंप फुटून बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत घुसला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. साठवणुकीचे प्रमाण किती अवाढव्य झाले होते, याचा हा एक दुःखद पुरावा होय.

काळ्या रंगाचा इतिहासही कायद्याशी निगडित आहे. पूर्वी पोर्टर तपकिरी माल्टपासून करीत. द्रवमापक यंत्राचा वापर सुरू झाल्यावर फिक्या माल्टमधून अधिक साखर मिळते, हे उत्पादकांच्या ध्यानात आले. त्यांनी फिका माल्ट वापरून रंगासाठी जळक्या साखरेसारखे पदार्थ घालण्यास प्रारंभ केला. १८१६ साली ब्रिटिश संसदेने अशा रंगद्रव्यांवर बंदी घातली. त्यानंतर १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर याने कॉफीप्रमाणे फिरत्या पिंपात माल्ट भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. आज काळ्या बिअरमध्ये जी कॉफीसारखी, करपट-खमंग चव येते तिचे मूळ या भाजलेल्या माल्टमध्ये आणि पर्यायाने महसुली कायद्यात आहे.

पोर्टरच्या अधिक कडक प्रकाराला 'स्टाऊट पोर्टर' आणि पुढे नुसते 'स्टाऊट' म्हणू लागले. लंडनच्या थ्रेल यांच्या मद्यशाळेतून, जी १७८१ नंतर बार्कले पर्किन्स यांच्याकडे आली, अतिशय कडक पोर्टर रशियाच्या राजदरबारासाठी जात असे. त्यावरून 'इम्पिरियल स्टाऊट' हे नाव रूढ झाले. आज व्हिस्कीच्या पिंपात मुरवली जाणारी बिअर बहुधा याच जातीची असते.

हिंदुस्थानातील काळी बिअर आणि मोमिनाबादची छावणी

ब्रिटिश हिंदुस्थान आणि बिअर यांचा विषय निघाला की 'इंडिया पेल एल' या फिक्या बिअरचा उल्लेख हमखास होतो. ती प्रामुख्याने अधिकारी व मुलकी सेवकांचे पेय होती. सामान्य गोऱ्या शिपायाच्या वाट्याला मात्र पोर्टर येत असे आणि सरकार लष्करासाठी ती मोठ्या प्रमाणावर मागवीत असे. यामागे आरोग्याचे धोरण होते. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ च्या अहवालात शिपायांमधील कडक मद्याच्या सवयीवर टीका केली आणि त्याऐवजी बिअरला उत्तेजन देण्याचा विचार मांडला. अरक आणि रम यांपेक्षा बिअर बरी, असा हा हिशेब होता. कसौली, मरी अशा थंड हवेच्या ठिकाणी मद्यशाळाही निघाल्या. एडवर्ड डायर यांची कसौलीची मद्यशाळा ही त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून तिचाच वारसा पुढे मोहन मीकिन या कंपनीकडे आला. या मद्यशाळा डोंगरावर निघाल्या, कारण यांत्रिक शीतकरणापूर्वी मैदानी उष्णतेत बिअर टिकवणे जवळजवळ अशक्य होते.

बीड जिल्हा हा ब्रिटिश मुलखात नव्हता; तो निजामाच्या राज्यात होता. तथापि जिल्ह्यातील अंबाजोगाई, जिचे निजामकालीन नाव मोमिनाबाद होते, हे हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या घोडदळाचे ठाणे होते. औरंगाबाद, जालना, हिंगोली या ठिकाणीही कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. १८५३ च्या तहानुसार या फौजेचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून भागवला जाई आणि १९०३ मध्ये तिचे ब्रिटिश हिंदी लष्करात विलीनीकरण झाले. या फौजेतील शिपाई देशी आणि वरिष्ठ अधिकारी युरोपीय होते. त्यामुळे गोऱ्या पलटणी असलेल्या पुणे किंवा अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) छावण्यांच्या तुलनेत मोमिनाबादमध्ये बिअरचा ग्राहकवर्ग अत्यल्पच असणार. छावणीतील अधिकाऱ्याच्या मेजावरील बाटली आणि छावणीबाहेरील शिंदीचे मडके यांच्यातील अंतर हे केवळ आवडीचे नव्हते. एक पेय हजारो मैलांवरून साठवणुकीच्या बळावर आलेले होते, तर दुसरे त्याच सकाळी झाडावरून उतरवलेले होते.

पिंप : शब्द, लाकूड आणि कायदा

मराठीतील 'पीप' किंवा 'पिंप' हा शब्द पोर्तुगीज 'पिपा' या शब्दावरून आला, असे मानले जाते. पगार, बटाटा, पाव या शब्दांप्रमाणेच तो किनाऱ्यावरील व्यापारातून भाषेत रुजला. म्हणजे वस्तू आणि नाव दोन्ही समुद्रमार्गे आले. आपल्याकडे साठवणुकीसाठी रांजण, मडके, बुधला, बरणी ही भांडी होती. फळ्या वाकवून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून, डिंक वा खिळा न वापरता द्रव राखणारे लाकडी पात्र घडवणे ही युरोपातील स्वतंत्र कारागिरी होती.

पिंप हे आधी केवळ वाहतुकीचे साधन होते. त्यात मद्य ठेवल्याने चव सुधारते, हा अनुभव नंतरचा; आणि त्याला प्रतिष्ठा मिळाली ती बऱ्याच अंशी कायद्याने. ब्रिटनमध्ये १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या काळात, अपरिपक्व मद्याच्या विक्रीस प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यान्वये व्हिस्की किमान दोन आणि लवकरच किमान तीन वर्षे मुरवणे बंधनकारक ठरले. अमेरिकेत १८९७ च्या कायद्याने सरकारी कुलपाखालील गोदामात चार वर्षे ठेवलेल्या व्हिस्कीला शासकीय हमी मिळाली. अशा गोदामात माल असेपर्यंत त्यावरील कर लांबणीवर पडतो. मुरवण्याच्या परंपरेमागे ही करसवलत आहे, हे विसरून चालणार नाही. कर आधीच भरावा लागला असता तर इतकी वर्षे माल अडकवणे कोणत्या व्यापाऱ्यास परवडले असते?

याच क्रमातील तिसरा टप्पा १९३० च्या दशकातील आहे. अमेरिकेतील नियमांनुसार 'बर्बन' व्हिस्की नव्या, आतून जाळून कोळसा केलेल्या ओक लाकडाच्या पात्रातच मुरवणे आवश्यक ठरले. परिणामी एकदा वापरलेले पिंप बर्बनसाठी निरुपयोगी झाले आणि सुमारे २०० लिटर क्षमतेची ही पिंपे मोठ्या संख्येने बाजारात येऊ लागली. त्यांतील बहुसंख्य स्कॉटलंडला गेली. १९९० च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या मद्यशाळेचे ग्रेग हॉल यांनी अशा पिंपांत कडक स्टाऊट भरून मुरवली. बर्बनच्या पिंपातील बिअरचा हा आद्य नमुना म्हणून सर्वत्र उल्लेखिला जातो. पुढील दोन दशकांत ही पद्धत अमेरिका आणि युरोपातील असंख्य लहान मद्यशाळांनी स्वीकारली.

येथे एक विसंगती लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ब्रिटिश बिअर उत्पादक अमेरिकन ओकचे पिंप टाळत, कारण त्याच्या लाकडाची चव बिअरमध्ये उतरते, अशी त्यांची तक्रार होती. बाल्टिक प्रदेशातील ओक त्यांना पसंत होता, कारण तो चव देत नसे. जो गुण एका शतकात दोष मानला गेला तोच पुढील काळात वैशिष्ट्य म्हणून विकला गेला. चव ही नैसर्गिक नसून ऐतिहासिक असते, या विधानास याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

आस्वादाचे विश्लेषण

अशा बिअरचा आस्वाद ही एक क्रमबद्ध क्रिया मानली जाते. ती थंडगार न देता केवळ किंचित थंड असताना, लहान व वर निमुळत्या होत जाणाऱ्या पेल्यात थोड्या प्रमाणात दिली जाते. कारण फार थंड पेयाचा वास दबतो. रंग जवळजवळ अपारदर्शक काळा आणि फेस तपकिरी असतो. मद्यार्काचे प्रमाण अनेकदा १० टक्क्यांच्या वर असल्याने फेस लवकर विरतो.

चवीचे तीन थर सांगता येतात. पहिला धान्याचा. भाजलेल्या माल्टमुळे कॉफी, कडवट चॉकलेट, गूळ करपल्यासारखा गंध व चव येते. दुसरा लाकडाचा. ओक जाळताना त्यातील लिग्निन या घटकाचे विघटन होऊन व्हॅनिलीन निर्माण होते. त्यामुळे व्हॅनिलाचा गंध येतो. अमेरिकन पांढऱ्या ओकमधील लॅक्टोन द्रव्यांमुळे नारळासारखा वास जाणवतो आणि टॅनिनमुळे जिभेवर तुरटपणा राहतो. तिसरा थर व्हिस्कीचा. लाकडात मुरलेली व्हिस्की बिअरमध्ये उतरते आणि घशाखाली ऊब निर्माण करते. याशिवाय काळाचाही एक परिणाम असतो. पिंपातून झिरपणाऱ्या अल्प प्राणवायूमुळे मनुका-खजुरासारखी चव तयार होते. मात्र प्राणवायू वाढला की बिअर बिघडते.

पिंपात जिवंत सूक्ष्मजीवही असू शकतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेतील नील्स क्लाऊसन यांनी १९०४ मध्ये जुन्या इंग्रजी बिअरमधील विशिष्ट किण्वाचा शोध जाहीर केला. इंग्रजी साठवणुकीच्या बिअरची खास चव त्यामुळे येते, असे त्यांनी दाखवले आणि त्यास 'ब्रेटॅनोमायसिस', म्हणजे ब्रिटिश किण्व, असे नाव दिले. व्हिस्कीच्या पिंपात मद्यार्कामुळे अशा जीवांना फारसा वाव नसतो. तरीही पिंप जुने झाले की आंबटपणाचा धोका वाढतो.

या चवींचे वर्णन करण्यास मराठी भाषा अपुरी पडते, असे मानण्याचे कारण नाही. खमंग, करपट, तुरट, कडसर, उग्र, मुरलेला, आंबूस ही विशेषणे पुरेशी अचूक आहेत. विशेषतः 'मुरणे' या क्रियापदात काळ, संयम आणि एकजीव होणे हे तिन्ही अर्थ एकवटले आहेत. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, माणूसही एखाद्या व्यवसायात मुरतो. मात्र दारू मुरते, असे मराठी बोलीत सहसा ऐकू येत नाही. दारूच्या बाबतीत प्रतिष्ठेचा शब्द वेगळाच आहे, तो म्हणजे 'पहिल्या धारेची'. या भाषिक तथ्याची कारणमीमांसा पुढे केली आहे.

मुरवण्याची देशी परंपरा आणि गुत्त्याची व्यवस्था

भारतीयांना जुन्या मद्याचे गुण ठाऊकच नव्हते, असे म्हणता येत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण असून मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार दिले आहेत. चरकसंहितेत नवे मद्य जड आणि जुने मद्य हलके मानले आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या भोगांमध्ये पानाचाही विचार आहे. आयुर्वेदातील आसव-अरिष्टे आजही ठरावीक काळ संधान करून ठेवली जातात. अर्थात मुरवण्याचे ज्ञान होते. ते औषधात टिकले आणि बाजारातील मद्यात टिकले नाही. याचे कारण महसूल व्यवस्थेत शोधावे लागते.

हैदराबाद संस्थानात आबकारी हे राज्याच्या उत्पन्नाचे अत्यंत महत्त्वाचे साधन होते. शिंदी व ताडाच्या झाडांपासून मिळणारी सेंधी आणि मोहफुलांपासून गाळलेली दारू ही त्यातील प्रमुख पेये. दारू गाळण्याचा व विकण्याचा अधिकार लिलावाने मक्त्यावर दिला जाई. या मक्त्याला 'गुत्ता' आणि तो घेणाऱ्यास 'गुत्तेदार' म्हणत. मराठवाड्यात आजही रस्ते-बांधकामाच्या कंत्राटदारास लोक 'गुत्तेदार' म्हणतात आणि दारूच्या दुकानास 'गुत्ता' म्हणतात. हैदराबादी राजवट संपून कित्येक दशके लोटली तरी तिची महसुली परिभाषा बोलीत जिवंत आहे.

आता गुत्तेदाराचा हिशेब पाहावा. त्याने ठरावीक मुदतीसाठी मोठी रक्कम देऊन हक्क घेतला आहे. मुदत संपताच दुसरा कोणी अधिक बोली लावून तो हिरावून घेऊ शकतो. अशा माणसाने दोन-तीन वर्षे माल मुरवत ठेवणे हा शुद्ध तोटा आहे. जितके लवकर गाळावे आणि जितके लवकर विकावे तितका नफा अधिक. शिंदी तर काही तासांत आंबते. तिला थांबण्याची मुभाच नाही. शिवाय दख्खनच्या उष्णतेत पिंपातून होणारी बाष्पीभवनाची घट मोठी असते. स्कॉटलंडमध्ये ती वर्षाला सुमारे दोन टक्के, तर बेंगळुरू व गोव्यासारख्या ठिकाणी आठ ते बारा टक्क्यांपर्यंत जाते, असा आजच्या उत्पादकांचा अनुभव आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याहून वेगळे घडण्याचा संभव नाही. अशा परिस्थितीत उत्तम दारूची कसोटी काळ ही न राहता भट्टीतून प्रथम बाहेर पडणारा कडक अंश हीच राहिली. 'पहिल्या धारेची' या शब्दप्रयोगामागील अर्थशास्त्र हे असे आहे.

ब्रिटिश मुंबई इलाख्यातील मार्ग वेगळा असला तरी परिणाम फारसा वेगळा नव्हता. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून मोजक्या मध्यवर्ती भट्ट्यांवर उत्पादन केंद्रित करण्याचे धोरण दृढ केले. उरण हे मोहाच्या दारूचे मोठे केंद्र बनले. १८९२ च्या मोहविषयक कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले गोळा करण्यावर व बाळगण्यावर निर्बंध आले. आदिवासींच्या दृष्टीने मोह हे अन्नही होते. त्याच काळात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे शहरातील वाढत्या दारू दुकानांविरुद्ध लेखी निषेध नोंदवला, तर १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या नेतृत्वाखाली पुण्यात दारू दुकानांसमोर निरोधन झाले. दोघांचा रोख व्यसनावर होता, तसाच व्यसनातून महसूल मिळवणाऱ्या सरकारवरही होता.

दारूबंदी, मळी आणि व्हिस्कीचे कोडे

१ ऑगस्ट १९३९ रोजी काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ ने मादक पेयांच्या बंदीचे निदेशक तत्त्व स्वीकारले. मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. १९५१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध बलसारा' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधन द्रव्यांविषयीच्या काही तरतुदी रद्द ठरवल्या. मात्र कायद्याचा मुख्य भाग कायम ठेवला. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या विस्तार अधिनियमाने दारूबंदीची व्यवस्था येथे लागू झाली. पुढे धोरण शिथिल झाले, परंतु कायदा राहिला. मद्यविक्रीचे नियमन आजही दारूबंदीच्या नावाच्या कायद्याखालीच होते आणि मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हे या कायद्याचे वैचित्र्य आहे.

याच कालखंडात महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारी विस्तारली. साखर तयार होताना उरणारी मळी आंबवून मद्यार्क काढता येतो. भारतात 'व्हिस्की' म्हणून खपणाऱ्या मालाचा मोठा भाग दीर्घकाळ याच मळीच्या मद्यार्कावर आधारलेला राहिला आहे. युरोपीय संघाच्या नियमांत व्हिस्की धान्यापासून केलेली व मुरवलेली असावी लागते. त्यामुळे मळीचे मद्य तेथे व्हिस्की या नावाने विकता येत नाही. मळीच्या निर्गंध मद्यार्कास पिंपाची गरज नसते. म्हणून प्रचंड प्रमाणात 'व्हिस्की' पिणाऱ्या देशात व्हिस्कीची पिंपे मात्र दुर्मीळ राहिली, असे कोडे निर्माण झाले.

हे कोडे अलीकडे काही अंशी सुटू लागले आहे. बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजने २००४ मध्ये ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट व्हिस्की सादर केली. गोव्यातील जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन ही व्हिस्की २०१२ मध्ये बाजारात आली, तर नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे तयार झालेली 'लाँजिट्यूड ७७' २०२२ मध्ये. म्हणजे माल्ट व्हिस्कीची वापरलेली पिंपे आता महाराष्ट्रातच उपलब्ध होऊ शकतात. २००९ मध्ये पुण्यात 'डूलाली' ही लहान मद्यशाळा सुरू झाल्यापासून राज्यात स्थानिक ताज्या बिअरची नवी संस्कृतीही रुजली. तरीही अडसर आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या मानकांत 'स्ट्राँग' बिअरची मर्यादा आठ टक्के मद्यार्कापर्यंत आहे. दहा-बारा टक्क्यांची इम्पिरियल स्टाऊट या चौकटीत बसत नाही. म्हणजे १८१६ प्रमाणेच आजही पेल्यातील पेयाचे स्वरूप कायद्याच्या कलमाने ठरते.

पाणी, श्रम आणि बीड

या इतिहासाचा बीडशी असलेला संबंध मळीपासून सुरू होतो. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील लक्षावधी स्त्री-पुरुष मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. त्यांच्या कोयत्याखालून गेलेल्या उसाची साखर, मळी, मद्यार्क आणि आता पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे इथेनॉल अशी साखळी आहे. या साखळीच्या वरच्या टोकाला मूल्य वाढत जाते आणि खालच्या टोकाला उचल फिटत नाही. गुत्तेदार आणि मुकादम या दोन संस्थांत एक साम्य आहे. दोन्ही आगाऊ रकमेवर उभ्या आहेत आणि दोन्हींत घाई हा नफ्याचा मार्ग आहे.

दुसरा दुवा पाण्याचा. छत्रपती संभाजीनगर परिसर हा देशातील बिअर उत्पादनाचे एक मोठे केंद्र आहे. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाडा भीषण दुष्काळात होरपळत असताना आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचवले जात असताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात किमान निम्म्याने कपात करण्याचा आदेश दिला. बिअर म्हणजे मुख्यतः पाणी. त्यामुळे या प्रदेशात बिअरचा इतिहास हा पाण्याच्या हक्काचा इतिहासही ठरतो.

तिसरा दुवा स्त्रियांचा. महाराष्ट्र शासनाच्या २००८ च्या आदेशानुसार एखाद्या गावातील किंवा प्रभागातील २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केल्यास दारू दुकानाबाबत गुप्त मतदान घेतले जाते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिल्यास दुकान बंद होते. आबकारी महसुलाच्या दीर्घ इतिहासात निर्णयाचा अधिकार प्रथमच त्याची झळ सोसणाऱ्यांकडे आला, हे या तरतुदीचे ऐतिहासिक महत्त्व होय. तथापि परवानाधारक दुकान बंद झाल्यावर बेकायदा हातभट्टी उरते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. त्यात श्रमिकांचा भरणा होता. ज्या पेयाच्या निर्मितीवर कोणाचीच नजर नाही ते गरिबांच्या वाट्याला येते आणि ज्याच्या प्रत्येक महिन्याची नोंद पिंपावर लिहिलेली असते ते श्रीमंतांच्या.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) काळ्या बिअरची चव ही केवळ कारागिरीची निष्पत्ती नाही. १८१६ चा रंगद्रव्यबंदीचा कायदा, १९१५ चा अपरिपक्व मद्याचा कायदा आणि १९३० च्या दशकातील नव्या पिंपाचा नियम या तिन्हींचे ठसे तिच्यात आहेत.

२) मद्य मुरवण्यासाठी भांडवल, करसवलत, थंड हवामान आणि हक्काची शाश्वती या चार गोष्टी लागतात. गुत्त्याच्या व्यवस्थेत यांपैकी एकही उपलब्ध नव्हती. दख्खनमध्ये मुरलेले मद्य निर्माण झाले नाही याचे कारण अभिरुचीचा अभाव नसून महसुलाची घाई हे आहे.

३) 'पहिल्या धारेची', 'गुत्ता', 'गुत्तेदार', 'पिंप' हे शब्द आर्थिक इतिहासाची साधने आहेत. स्थानिक बोलीचा अशा दृष्टीने पद्धतशीर संग्रह होणे गरजेचे आहे. मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास व मराठी विभागांनी एकत्रितपणे हे काम हाती घेतल्यास ते उपयुक्त ठरेल.

४) आस्वाद आणि व्यसन यांतील सीमारेषा नैतिक असण्याबरोबरच आर्थिकही आहे. सावकाश पिण्याची संस्कृती सावकाश जगता येणाऱ्यांची असते. सहा महिने दुसऱ्याच्या फडात राबून परतणाऱ्या माणसास संयमाचा उपदेश करण्यापूर्वी त्याच्या आयुष्यातील घाई कोणी निर्माण केली, हे इतिहासाने तपासले पाहिजे.

पोर्टर हे लंडनच्या हमालांचे पेय होते आणि आज ते अभिजनांच्या मेजावर आहे. मोह आणि शिंदी ही दख्खनच्या श्रमिकांची पेये होती आणि ती बेकायदेशीरपणाच्या सीमेवर ढकलली गेली. या दोन प्रवासांतील फरक पेयांच्या गुणवत्तेत शोधून सापडणार नाही. तो राज्यसंस्थेच्या दप्तरातच शोधावा लागेल.